पांजाळचें अग्निचयन आणि चित्रपटाचें प्रामाण्य

(१)

इतिहाससंशोधकाच्या हातीं एखादें नवें साधन आलें म्हणजे त्यानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, या साधनाची प्रत कोणती? अस्सल पत्र निराळें, त्याची नक्कल निराळी, शकावली निराळी आणि बखर तर त्या सर्वांहून निराळी. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ही प्रतवारी आपल्याकडे रूढ झाली. बखरींत लिहिलें आहे एवढ्यावरून कोणतीहि गोष्ट घडली असें आतां कोणी म्हणत नाहीं. परंतु पडद्यावर दिसलें एवढ्यावरून ती घडली, आणि जशी दिसली तशीच घडली, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि त्यांत शहाणींसुरतीं माणसेंहि आहेत. चित्रपट या साधनाची प्रतवारी लावण्याचें काम अद्याप आपल्याकडे व्हावें तसें झालेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या दिशेनें अल्पसा प्रयत्न करावयाचा आहे.

हा प्रयत्न करण्यास आम्हांस एक खाजगी कारणहि घडलें, तें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. शाळेंतील नोकरी संपल्यावर आमच्या घरीं चारपांच विद्यार्थी तैत्तिरीय संहितेचें चवथें व पांचवें कांड वाचावयास येत. अग्निचयनाचे मंत्र व त्यांवरील ब्राह्मणभाग तेथेंच आहे. विटा कशा रचतात हें नुसत्या शब्दांनीं त्यांस उमगेना, म्हणून आम्हीं त्यांना केरळांतील पांजाळ गांवीं १९७५ सालीं झालेल्या अग्निचयनाचा चित्रपट दाखविला व सांगितलें, "तीन हजार वर्षांपूर्वीं हें असें होत असे, आतां डोळ्यांनीं पाहा." पाहणें संपल्यावर त्यांतील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "गुरुजी, मंत्रांत पशूचें नांव आहे. आणि येथें तर केळीच्या पानांत गुंडाळलेलें पीठ आहे. मग पूर्वींहि असेंच होत असे काय?" आम्हीं घाईनें उत्तर दिलें, "असावें." तें उत्तर खोटें होतें, हें आम्हांस त्याच रात्रीं कळलें. ग्रंथ समोर असतां आम्हीं पडद्यावर विश्वास ठेविला. जो मनुष्य चाळीस वर्षें मुलांना 'आधार दाखवा' म्हणून दटावीत आला, त्यालाच हा मोह पडला. मग इतरांची कथा काय?

(२)

मानववंशशास्त्र आणि चलच्चित्र यांचा संबंध जवळजवळ चलच्चित्राच्या जन्मापासूनचा आहे. १८९५ सालीं पॅरिस येथील एका प्रदर्शनांत पश्चिम आफ्रिकेंतील वोलोफ जातीची एक स्त्री मडकें घडवीत असतां फेलिक्स रेन्यो नांवाच्या वैद्यानें तिच्या हालचालींचीं क्रमिक चित्रें घेतलीं. प्रत्यक्ष वस्तीच्या ठिकाणीं जाऊन चित्रण करण्याचा पहिला मान मात्र केंब्रिजच्या आल्फ्रेड हॅडन यांचा. टॉरेस सामुद्रधुनींतील मेर बेटावर हॅडन यांची मंडळी गेली तें सालहि १८९८ हेंच. राजवाड्यांचा पहिला खंड आणि क्षेत्रांत घेतलेली पहिली फीत एकाच वर्षाचीं असावीं, हा योगायोग आम्हांस बोधप्रद वाटतो.

कारण त्या पहिल्या फितींतच पुढील सर्व वाद बीजरूपानें आहे. मेर बेटावर मालो-बोमाई नांवाच्या दैवताचा एक गूढ विधि पूर्वीं होत असे. ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाल्यावर तो बंद पडला व त्यांतील मूळ मुखवटे नष्ट झाले. हॅडन यांच्या विनंतीवरून बेटावरील लोकांनीं पुठ्ठ्याचे मुखवटे नव्यानें तयार केले आणि ते घालून कॅमेऱ्यापुढें तें नृत्य केलें. म्हणजे मानववंशशास्त्राच्या हातीं आलेलें पहिलें 'प्रत्यक्ष' हेंहि एका लुप्त विधीचें पुन्हा मांडलेलें रूप होतें. नृत्य करणारे तेच होते, भूमि तीच होती, स्मरण खरें होतें. मुखवटा मात्र पुठ्ठ्याचा होता. आपल्या मुंबईंतहि याहून निराळें झालें नाहीं. १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीचें जें चित्रण केलें, ती कुस्तीहि चित्रणासाठींच योजिलेली होती.

पुढें १९२२ सालीं रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट निघाला व अनुबोधपटाचा आद्य नमुना म्हणून गाजला. उत्तर कॅनडांतील एस्किमो, म्हणजे आज ज्यांस इनुइत म्हणतात, त्यांचें जीवन त्यांत आहे. परंतु नायकाचें खरें नांव नानूक नव्हे, अल्लाकारियाल्लाक. त्या काळीं त्याचे लोक बंदूक वापरीत असतां चित्रपटांत शिकार भाल्यानें केलेली दाखविली. आणि बर्फाच्या घरांत उजेड पुरेना म्हणून अर्धें घर उघडें ठेवून कुटुंबाचें झोपणें-उठणें टिपलें. फ्लाहर्टी यांचा हेतु फसवणुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. नाहींशी होत चाललेली आजोबांच्या पिढीची रीत नातवांकडून करवून त्यांनीं ती राखून ठेविली. तथापि जो पाहणारा या चित्रपटास १९२० सालची दिनचर्या समजेल, तो फसेल.

मार्गारेट मीड व ग्रेगरी बेट्सन हीं दोघें तर शास्त्रज्ञच होतीं. १९३६ ते १९३९ या काळांत त्यांनीं बाली बेटावर सुमारें २५,००० छायाचित्रें व सुमारें २२,००० फूट फीत घेतली. त्यांच्या प्रसिद्ध चित्रपटांतील अंगांत येण्याचा नृत्यविधि एरवीं रात्रीं होई. चित्रणास उजेड हवा म्हणून तो दिवसां करविला. पुढें वृद्धपणीं या उभयतांचा जो संवाद झाला त्यांत मीडबाईंचा आग्रह असा कीं, कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून जें घडेल तें अखंड टिपावें, म्हणजे पुढच्या पिढीस निर्भेळ साधन मिळेल. आणि बेट्सन यांचें म्हणणें असें कीं, तिपाईवर खिळलेला कॅमेरा कांहींच पाहत नाहीं. पाहतो तो माणूस, आणि त्याला हिंडावें लागतें. आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

(३)

आतां पांजाळकडे वळूं. केरळांतील नंबुद्री ब्राह्मणांनीं श्रौतकर्माची परंपरा मौखिक रीतीनें राखिली आहे. डच पंडित फ्रिट्स स्टाल हे १९५० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत अध्ययनास आले असतां नंबुद्रींच्या वेदपठनाकडे त्यांचें लक्ष वेधलें, आणि १९६१ सालीं त्यांनीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें. अग्निचयनासह अतिरात्र सोमयाग करण्याची पात्रता असलेलीं घराणीं थोडीं उरलीं आहेत, आणि जाणते वृद्ध होत चालले आहेत, हें त्यांनीं पाहिलें. तेव्हां एकवार हें कर्म साद्यंत व्हावें व त्याची पुरी नोंद व्हावी असा बेत ठरला. चेरुमुक्कु वैदिकन् सोमयाजिपाद् व इट्टि रवि नंबुद्री हे या कामीं स्टाल यांचे प्रमुख सहकारी. चित्रणासाठीं हार्वर्ड येथील रॉबर्ट गार्डनर आले. न्यू गिनींतील दानी लोकांवरील 'डेड बर्ड्स' या चित्रपटामुळें त्यांचें नांव झालेलेंच होतें. खर्चाचा मोठा भाग परदेशी संस्थांच्या देणग्यांतून भागला. १२ ते २४ एप्रिल १९७५ या काळांत कर्म पार पडलें.

कर्माचें स्वरूप थोडक्यांत असें. अध्वर्यूंचें काम तैत्तिरीय शाखेच्या बौधायन सूत्राप्रमाणें, हौत्र कौषीतकी परंपरेप्रमाणें, सामगान जैमिनीय शाखेचें. पक्ष्याच्या आकाराची पांच थरांची चिति रचावयाची. तीस पांजाळ येथें १,००५ विटा लागल्या. पहिल्या चार थरांत प्रत्येकीं २०० व पांचव्यांत २०५. मंत्रावांचून विटेचें उपधान होत नाहीं. चितीचें माप यजमानाच्या देहावरून घेतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची जी उंची तो एक पुरुष, आणि असे साडेसात वर्गपुरुष हें चितीचें क्षेत्र. चिति पुरी झाल्यावर सोमाचें सवन, आणि शेवटीं रात्रभर चालणारी स्तोत्र-शस्त्रांची मालिका. अतिरात्रांत तीं एकूण २९ आहेत. सर्व आटोपल्यावर नंबुद्री संप्रदायाप्रमाणें यज्ञमंडप अग्नीच्या स्वाधीन करतात.

या प्रसंगाचें फलित तीन रूपांनीं जगापुढें आलें. १९७६ सालीं 'ऑल्टर ऑफ फायर', अर्थात् 'अग्नीची वेदी', हा चित्रपट निघाला. १९८३ सालीं स्टाल यांनीं 'अग्नि' या नांवाचे दोन प्रचंड खंड ध्वनिफितींसह प्रसिद्ध केले. आणि मूळ चित्रित फिती व ध्वनिमुद्रणें हें तिसरें. 'अग्नि' ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत अलीकडील श्रौतपरंपरांचा जो विस्तृत आढावा आहे, तो पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाच्या 'श्रौतकोशा'साठीं झटलेले पं. चिं. ग. काशीकर यांनीं फिनलंडचे पंडित आस्को पार्पोला यांजबरोबर लिहिलेला आहे. ज्यांस पांजाळ हें एकाकी आश्चर्य वाटतें त्यांनीं तो आढावा अवश्य वाचावा. महाराष्ट्र, आंध्र, तामिळनाड इत्यादि प्रांतींहि श्रौताग्नि अगदींच विझला नव्हता, हें त्यावरून कळून येईल.

(४)

आतां थोडें गणित करूं. तें आमच्या जुन्या व्यवसायास अनुसरूनच आहे. बारा दिवसांचे तास २८८. गार्डनर यांनीं घेतलेली फीत सुमारें २० तासांची. म्हणजे चवदावा हिस्सा. प्रसिद्ध झालेला चित्रपट एका तासाच्या आंतला. म्हणजे त्या फितीचा विसावा आणि कर्माचा सुमारें तीनशेवा हिस्सा. ध्वनिमुद्रण मात्र ८० तासांच्या आसपास झालें, म्हणजे चित्रापेक्षां चौपट.

या आंकड्यांवरून प्रतवारी आपोआप लागते. वीस तासांची अखंड फीत ही अस्सल कागदांच्या दप्तरासारखी. तींत त्रुटि असतील, कांहीं बंद गहाळ असतील, पण जें आहे तें प्रसंगाच्या वेळचें आहे. त्यांतून निवडून, क्रम लावून, वर निवेदन घालून केलेला तासाभराचा चित्रपट ही बखर होय. आम्ही बखर हा शब्द निंदेनें वापरीत नाहीं. सभासदाची बखर नसती तर आपण पुष्कळ गोष्टींस मुकलों असतों. परंतु बखरकारानें काय वगळलें, कोणाच्या आज्ञेनें लिहिलें, कोणास समजावें म्हणून लिहिलें, हे प्रश्न तिला जसे विचारतों तसेच चित्रपटासहि विचारले पाहिजेत.

काय वगळलें याचें एक उदाहरण पुरे. श्रौतकर्माचा देह पुनरुक्तीचा आहे. तीच क्रिया पुन्हा, तोच प्रैष पुन्हा, वीट ठेवावयाची ती एकामागून एक हजारवार. चित्रपटाच्या कर्त्यास हें परवडत नाहीं. पाहणारा उठून जाईल. म्हणून तो चार विटा दाखवितो व पुढें जातो. ग्रंथांत आपण 'एवमेव' म्हणून संक्षेप करतों, आणि वाचकास संक्षेप झाला आहे हें कळतें. पडद्यावर 'एवमेव' लिहिलेलें नसतें. त्यामुळें जें कर्म थकविणारें, संथ व आवर्तनमय आहे, तें पाहणाऱ्यास ज्वाळांनीं भरलेलें, वेगवान् नाट्य भासतें. स्वतः स्टाल यांनीं पुढें १९७९ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, कर्मकांड हें नियमांचें शुद्ध जाळें असून त्यास बाहेरचा अर्थ नाहीं. शतपथाच्या सहाव्यापासून दहाव्या कांडापर्यंत शांडिल्यादि आचार्यांनीं चयनाचा जो अर्थ लावण्यासाठीं इतकी शक्ति वेंचली, त्याकडे पाहतां हा सिद्धांत आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. पण नियमांचें जाळें हें कर्माचें खरें शरीर आहे, एवढें त्यांचें म्हणणें निःसंशय. आणि नेमकें तेंच शरीर तासाभराच्या चित्रपटांत मावलेलें नाहीं.

(५)

आतां आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊं. पांजाळ येथें बोकडांचें आलंभन होणार अशी वार्ता पसरतांच केरळांत मोठा गहजब झाला. वृत्तपत्रांतून वाद माजला. शेवटीं पशूंच्या जागीं तांदळाच्या पिठाचे, केळीच्या पानांत गुंडाळलेले पिंड वापरण्यांत आले. पिष्टपशूची कल्पना नवी नाहीं. माध्व संप्रदायांत ती पूर्वींपासून मान्य आहे. तथापि सूत्रकारांच्या काळीं चयनांत पशु होते, याविषयीं ग्रंथ वाचणाऱ्यास शंका उरत नाहीं. म्हणजे पडद्यावर जें दिसतें तें सूत्रकाळाचें नसून १९७५ सालच्या केरळाचें आहे. त्यांत वर्तमानपत्रें आहेत, लोकमत आहे, आणि त्या लोकमतापुढें शास्त्रांतून वाट काढणारे वैदिक आहेत. हा इतिहास कांहीं कमी मोलाचा नव्हे. पण तो वेगळ्या काळाचा इतिहास आहे.

येथें मीमांसाशास्त्रानें केलेला एक विचार आम्हांस फार उपयोगी वाटतो. जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत प्रतिनिधीचा प्रश्न आला आहे. व्रीहि न मिळाले तर नीवार घ्यावे, सोम न मिळाला तर पूतीक घ्यावे. कर्म अडून राहूं नये. मात्र प्रतिनिधि वापरला तरी मंत्रांतील शब्द बदलावयाचा नाहीं. हातांत नीवार असले तरी तोंडानें व्रीहीचेंच नांव घ्यावयाचें. याचा परिणाम विलक्षण आहे. डोळ्यास प्रतिनिधि दिसतो. कानास मूळ ऐकूं येतें.

हीच गोष्ट पांजाळास लावून पाहावी. चित्रांत पिठाचा पिंड आहे. ध्वनिमुद्रणांत पशूचें नांव आहे. जो केवळ चित्र पाहील त्याला १९७५ साल समजेल. जो मंत्रहि ऐकेल व समजेल त्याला त्या पिंडामागें उभा असलेला प्राचीन पशु दिसेल. आणि दोहोंमधील अंतर हेंच इतिहासाचें अंतर होय, हेंहि त्यालाच कळेल. आमच्या विद्यार्थिनीला तें अंतर दिसलें, कारण तिनें मंत्र आधीं वाचला होता. आम्हांस दिसलें नाहीं, कारण त्या क्षणीं आम्ही ऐकणें सोडून पाहत बसलों होतों. ज्या परंपरेनें आपलें सर्वस्व श्रुति या नांवानें कानावर सोंपविलें, तिची परीक्षा केवळ डोळ्यानें करूं जाणें हा मुळांतच प्रमाद आहे. पांजाळच्या नोंदींत ध्वनि चित्राच्या चौपट आहे, ही म्हणून आम्ही त्या नोंदीची सर्वांत समाधानाची बाजू समजतों.

मेर बेटावरील पुठ्ठ्याचा मुखवटाहि याच दृष्टीनें पाहावा. तो खोटा नव्हे, प्रतिनिधि आहे. संशोधकाचा अपराध प्रतिनिधि वापरण्यांत नाहीं. प्रतिनिधि आहे हें न सांगण्यांत आहे.

(६)

याहून गंभीर आक्षेप अमेरिकन नाट्यशास्त्रज्ञ रिचर्ड शेखनर यांनीं १९८६ सालीं घेतला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कॅमेरा नसता, परदेशी द्रव्य नसतें, तर पांजाळचें चयन त्या सालीं झालेंच नसतें. तेव्हां जें टिपलें तें टिपण्यासाठींच घडविलेलें होतें, आणि चित्रपटानें ही गोष्ट पाहणाऱ्यापुढें पुरेशी मांडली नाहीं. स्टाल यांनीं पुढील वर्षीं त्यास तिखट उत्तर दिलें. वादाच्या तपशिलांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आमचा अभिप्राय एवढाच कीं, शेखनर यांचा पहिला मुद्दा खरा असला तरी त्यावरून कर्म खोटें ठरत नाहीं. हिंदुस्थानांत मोठे यज्ञ केव्हां दुसऱ्याच्या द्रव्यावांचून झाले? अश्वमेधाचा खर्च राजा करी, आणि तो कांहीं केवळ देवतेसाठीं नव्हे. चार दिशांच्या राजांनीं पाहावें म्हणूनहि करी. दाता बदलला, पाहणारा बदलला. ऋत्विजांनीं मंत्र मात्र आजोबांपासून आलेलेच म्हटले.

परंतु दुसरा मुद्दा आम्ही पूर्णपणें स्वीकारतों. आपल्याकडील ताम्रपटांत दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, तिथि कोणती, साक्षी कोण, लेखक कोण हें सर्व असतें. म्हणूनच तो ताम्रपट इतिहासाचें साधन होतो. चित्रपटांत दाता मागें राहतो, लेखक कॅमेऱ्याच्या मागें राहतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं आपण कोणाच्याहि मध्यस्थीवांचून पाहत आहों. नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर चित्रपट हें आपणांस प्रत्यक्ष वाटतें, पण असतें तें आप्तवाक्य. आप्ताची परीक्षा केल्यावांचून आप्तवाक्य प्रमाण होत नाहीं.

आणि या आप्ताची एक गोष्ट तर काळानेंच खोटी पाडली. १९७५ चें चयन हें बहुधा शेवटचेंच, ही समजूत या सगळ्या उद्योगाच्या मुळाशीं होती. मानववंशशास्त्रांत ही भावना जुनी आहे. बुडत्या घरांतून होईल तेवढें सामान बाहेर काढावें, तशी ती शास्त्रज्ञास घाई करावयास लावते. पण घर बुडालें नाहीं. २०११ सालच्या एप्रिल महिन्यांत त्याच पांजाळ गांवीं पुन्हा अतिरात्र झालें व लोकांची अलोट गर्दी लोटली. ज्या नोंदीनें अंत्यसमय टिपण्यासाठीं धांव घेतली, ती नोंदच, निदान अंशतः, पुढच्या उत्साहाचें कारण झाली असें मानण्यास जागा आहे. बखरकारानें मृत्यूची तिथि लिहून ठेवावी आणि ज्याचा मृत्यु लिहिला त्यानेंच ती बखर वाचून उठून बसावें, तसा हा प्रकार आहे. साक्षीदार हा निव्वळ साक्षीदार राहत नाहीं. तोहि घटनेंत शिरतो. हें ध्यानांत ठेवूनच त्याची साक्ष घ्यावयाची.

(७)

मग यावर उपाय काय? आमच्या मतें त्याचें सूत्र फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ज्याँ रूश यांच्या एका अनुभवांत सांपडतें. नायजर नदीवरील सोर्को लोक पाणघोड्याची शिकार कशी करतात याचा चित्रपट त्यांनीं १९५१ सालीं केला, व पुढें तो त्याच लोकांस नेऊन दाखविला. शिकारीच्या प्रसंगीं रूश यांनीं रंग चढावा म्हणून मागें वाद्यसंगीत घातलें होतें. शिकाऱ्यांनीं हरकत घेतली: पाणघोड्याचे कान तिखट असतात, एवढा आवाज झाला तर तो पळून नाहीं का जाणार? शिकारीच्या वेळीं निःशब्दता हवी. रूश यांस ती टीका पटली, आणि चित्रित लोकांसच चित्रपटाचे परीक्षक करावयाचें ही पद्धति त्यांनीं पुढें धरली. विद्यापीठांतील कोणत्याहि पंडितास जी चूक दिसली नसती ती भाला हातीं धरणाऱ्यास दिसली. फ्लाहर्टी यांनींहि आपली फीत शिकाऱ्यांना तेथेंच दाखविली होती. येथेंहि गोष्ट कानाचीच निघाली, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेलच.

आपल्या प्रांतास हें सर्व दूरचें नाहीं. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर यांनीं धनगरांच्या व खंडोबाच्या परंपरांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि हेनिंग स्टेगम्युलर यांच्या साह्यानें पंढरीच्या वारीवर चित्रपटहि केला. आतां तर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असलेला दूरध्वनि आहे. गोंधळ, जागरण, बगाड, दशावतार यांचें चित्रण रोज होत आहे. पन्नास वर्षांनीं आजचा काळ अभ्यासणाऱ्यास कागदापेक्षां फितीच अधिक मिळतील. त्या साधनभूत व्हाव्या अशी इच्छा असेल तर संग्रह करणाऱ्या मंडळींनीं कांहीं नियम आजच पाळावे असें आम्हांस वाटतें.

पहिला: संक्षिप्त चित्रपट राखून मूळ फीत टाकून देऊं नये, दप्तर जाळून बखर ठेवण्यासारखें तें होईल. दुसरा: प्रत्येक फितीबरोबर ताम्रपटाप्रमाणें लेख असावा, चित्रण कोणीं केलें, केव्हां, कोठून, कोणाच्या खर्चानें, आणि विधि नेहमींच्या वेळीं व नेहमींच्या रीतीनें झाला कीं विनंतीवरून. तिसरा: जेथें प्रतिनिधि वापरला, वेळ बदलली, भाग गाळला, तेथें तसें स्पष्ट नमूद करावें. चवथा: ध्वनि अखंड घ्यावा, चित्र तुटक असलें तरी चालेल, आणि म्हटलेल्या शब्दांची संहिता जाणत्याकडून लिहवून घ्यावी. पांचवा: ज्यांचें चित्रण केलें त्यांस तें दाखवावें, आणि त्यांनीं काढलेल्या चुका फितीबरोबरच जपाव्या, कारण त्या चुकांची यादी हेंच पुष्कळदां सर्वांत अस्सल साधन ठरेल.

आमच्यापुरतें प्रायश्चित्त आम्हीं घेतलें तें असें. पुढच्या पाठाच्या दिवशीं त्या विद्यार्थ्यांस पुन्हा बसविलें व सांगितलें कीं, मागच्या खेपेचें आमचें उत्तर चुकीचें होतें. पूर्वीं पशु होता, १९७५ सालीं पीठ होतें, आणि पीठ कां होतें याचीहि एक हकीकत आहे. मग चित्रपट पुन्हा लाविला, पण या वेळीं पडदा झांकून. चौघेहि मंत्र ऐकूं लागले व पोथींत बोट ठेवून जुळवूं लागले. कांहीं ठिकाणीं निवेदकाचा आवाज मंत्रावर चढे, तेव्हां तीच मुलगी वैतागून म्हणाली, "गुरुजी, यांना जरा थांबायला सांगा ना." आम्हांस त्या क्षणीं सोर्को शिकाऱ्यांची आठवण झाली. पांजाळच्या ऋत्विजांना हा चित्रपट दाखविला असतां त्यांनींहि हेंच म्हटलें असतें, असें आम्हांस वाटतें.

चित्रपट हें साधन टाकाऊ आहे असा या लेखाचा निष्कर्ष काढूं नये. तें मोलाचें आहे. पण तें साक्षीदाराचें मोल आहे, देवाचें नव्हे. साक्षीदारास उलट प्रश्न विचारावे लागतात, आणि ते विचारण्यास पोथी आधीं वाचलेली असावी लागते. इत्यलम्.